आईच्या रक्तातली साखर

मी तेहतीस वर्षं मुलांना पोट शिकवलं. पनवेलच्या एका शाळेत आठवी-नववीचं विज्ञान माझ्याकडे होतं, आणि दर वर्षी पावसाळा संपता संपता पचनसंस्थेचा धडा यायचा. फळ्यावर अन्ननलिका काढायची, जठर काढायचं, आतड्याची वेटोळी काढता काढता खडू संपायचा. मग मी डब्यातून आणलेला मोकळा भात प्रत्येकाच्या हातावर घासभर ठेवायची आणि सांगायची, चावा, पण मी म्हणेपर्यंत गिळू नका. सगळा वर्ग गाईगुरांसारखा रवंथ करत बसायचा. थोड्या वेळाने कुणीतरी मान वर करून म्हणायचं, बाई, गोड लागतंय. नुसत्या लाळेने भातातल्या पिठाची साखर केलेली असायची. ते ऐकायला मिळावं म्हणूनच मी ही नोकरी केली, बाकी पेपर तपासण्यात काही राम नव्हता.

पुढचं सगळं मी सावकाश सांगायची. ही साखर आतड्यातून रक्तात उतरते. रक्त ती पेशी-पेशीच्या दारात नेऊन ठेवतं. दार आपोआप उघडत नाही, त्याला इन्सुलिन लागतं. आत गेलेली साखर श्वासातल्या प्राणवायूबरोबर हळूहळू जळते, ज्वाला नाही, धूर नाही, आणि त्या जळण्यावर आपण चालतो, बोलतो, स्वप्नं बघतो. जी साखर लगेच लागत नाही ती यकृत ठेवून घेतं, ओट्यावरच्या हाताशी असलेल्या डब्यासारखी. तो डबा एका उपासाच्या दिवसात जवळजवळ रिकामा होतो. मग शरीर माळ्यावर चढतं आणि तिथे साठवलेली चरबी खाली काढतं. मेंदू मात्र लाडावलेला. वजनाने एवढासा, पण घरातलं सगळ्यात जास्त तोच खातो, आणि त्याला साखर जरा कमी पडली की घरभर गोंधळ.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आणि तरी एका दुपारी माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या आईच्या रक्तातली साखर संपत आली आणि मी तिच्या शेजारी बसून गोष्टी ऐकत राहिले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आमच्या स्टाफरूममध्ये एकमेकींना म्हणायची पद्धत होती. त्या दुपारपासून ते वाक्य मी कुणालाही म्हटलेलं नाही.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. आईचं माहेर चिरनेरच्या बाजूला. तिच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता, आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. माझी भावंडं केव्हाच समुद्रापार गेली. वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. करंजाड्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आता आई आणि मी, दोघीच. तिला तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं आणि मधुमेहाला चौदा वर्षं झाली होती.

आमच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस योम किपूर. जुन्या बायका त्याला दारफळणीचा सण म्हणतात, म्हणजे दारं लावून घरात बसायचा दिवस. पांढरे कपडे घालायचे, परक्याशी बोलायचं नाही, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, आणि आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. हे बहुधा नवरात्राच्या मागेपुढेच येतं, त्यामुळे शाळेत माझ्या सहकारी मैत्रिणी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि दाण्याचे लाडू पुढ्यात घेऊन मला विचारायच्या, अगं, पाणी पण नाही? मी म्हणायची, तुमच्यासारखं एकादशी अन् दुप्पट खाशी नाही आमच्यात. हे बोलायला मला जीभ होती, पण खरं सांगायचं तर मी स्वतः तिशीनंतर तो उपास कधी धरला नव्हता. रजा काढायची, पांढरी साडी नेसायची, आणि चार वाजता स्वयंपाकघराचं दार लोटून गुपचूप चहा प्यायची. चहाचा वास दाराला जुमानत नाही हे मला कळायला हवं होतं.

या सणाची आणखी एक गोष्ट आहे. आमची जुनी माणसं मानतात की या दिवसांत घरातले गेलेले लोक भेटायला येतात. सणाच्या आधी येतात, घरात बसतात, सगळ्यांना बघून घेतात आणि सण उलटल्यावर जातात. लहानपणी त्या दिवशी दुपारी आजीच्या वयाच्या बायका भिंतीला टेकून रिकाम्या जागेशी बोलत असायच्या, आणि आम्हा मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. कुणीतरी आलंय, एवढंच.

त्या वर्षी सणाच्या आधी मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की उपास करायचा नाही, या गोळ्या चालू असताना तर नाहीच. आईने मन लावून ऐकलं, मान डोलावली, त्यांना सणाच्या शुभेच्छाही दिल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाली, डॉक्टर चांगला हाय, पण सण त्याचा नाय. मग आठवडाभर आमचं जुंपलं. जीव वाचवण्यासाठी उपास मोडायची आपल्या धर्मातच आज्ञा आहे, हे मी तिला पुस्तक उघडून दाखवलं. ती म्हणाली, ते आजाऱ्यांसाठी, मी काय आजारी हाय? शेवटी तिने तिचं खरं कारण सांगितलं. घरात एकाने तरी धरायला पाहिजे. नाहीतर आलेल्यांनी येऊन कुणाकडं बघायचं?

यावर माझ्या तोंडून निघून गेलं, मी धरते, तू जेव.

 पुरा? तिने विचारलं. पुरा, मी म्हटलं, पाण्याचा थेंबही नाही. बरं, म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला तिथेच शंका यायला हवी होती. उलट मी जिंकल्याच्या आनंदात काळ्या मनुका आणायला बाहेर पडले.

काळ्या मनुकांचं सरबत आमच्याकडे प्रार्थनेला लागतं. द्राक्षाचा पवित्र रस कोकणात कुठून मिळणार, म्हणून आमच्या लोकांनी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत करायची रीत पाडली. मी आदल्या दुपारी त्या भिजत घातल्या. उपास सोडायला लागतात त्या करंजीसारख्या गोड पुऱ्या, आत रवा आणि खोबरं, तळून डब्यात भरल्या. सूर्य मावळायच्या आत नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण आणि भात मी तीनदा वाढून घेतला. प्रत्येक घासाला मला माझं यकृत भरताना दिसत होतं. आई समोर बसून नेहमीएवढंच जेवली आणि म्हणाली, बाय, उंटासारखी काय भरून घेतेस. मग मी एक मोठा तांब्या पाणी प्याले, दिवा लावला आणि घराचं दार आतून बंद केलं.

सकाळी पहिलं काय आलं तर डोकेदुखी, आणि ती भुकेची नव्हती, चहाची होती. आईला मी घावन करून दिले. ती ताट हातात घेऊन म्हणाली, उपास धरलेल्या माणसासमोर खाणं बरं दिसत नाय, मी आपली खोलीत बसून खाते. मला हे इतकं शहाणपणाचं वाटलं की मीच तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटांनी रिकामं ताट बाहेर आलं. गोळी घेतलीस का, मी विचारलं. घेतली, ती म्हणाली. दुपारी मुगाची खिचडी आणि एक केळं दिलं. पुन्हा दार लोटलं, पुन्हा रिकामं ताट, पुन्हा गोळी घेतली. माझी आई आयुष्यात खोटं बोललेली मला माहीत नव्हती, आणि गोळीबद्दल ती खरंच बोलत होती.

अकरा वाजता पोटात कावळे ओरडत होते, आणि बारानंतर ते कुठेतरी उडून गेले. हे मी वर्गात शिकवलं होतं, पण माझ्या अंगाला ते कधी माहीत नव्हतं. भूक लाटेसारखी येते, आपली नेहमीची वेळ टळली की ओसरते. यकृताचा डबा संपत आला होता. माळा उघडला गेला होता. तोंडाला एक वेगळीच, जरा गोडूस, जरा शिळी चव आली होती. पाय हलके वाटत होते. चरबी हळू जळते, साखरेसारखी भसकन पेटत नाही, आणि त्या मंद आचेवर माझं सगळं अंग संथ झालं होतं. खालून कांदे-बटाट्याचा टेम्पो भोंगा वाजवत गेला, तो आवाज माझ्यापर्यंत पाण्याखालून यावा तसा आला. मला खूप बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत या दिवशी मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

तिसऱ्या प्रहरी मी आईच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगापाशी जमिनीवर बसले. पश्चिमेची खिडकी, ऊन रणरणत होतं, म्हणून जाड पडदा ओढलेला होता आणि खोलीत संध्याकाळसारखा अंधार झाला होता. आई उशीला टेकून होती. मांडीवर तिचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक, हिब्रू शब्द मराठी अक्षरांत छापलेलं, पानं सुट्टी झालेलं. ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले आणि ती बोलू लागली.

घाण्याबद्दल बोलत होती. तीळ घातले की पहिल्यांदा नुसता वास येतो, तेल नंतर येतं, म्हणाली. बैल फिरत असायचा आणि तिला घाण्याच्या फिरत्या लाकडावर बसायला मिळायचं. तेल निघाल्यावर उरायची ती पेंड, गरम गरम. तिची आई त्यात गुळाचा खडा कुस्करून मुलांच्या हातावर ठेवायची. सगळं तेल गेलं तरी तिळात बरंच काही राहतं, मी मनाशी म्हटलं, प्रथिनं राहतात, कॅल्शियम राहतं. पण ते मी बोलले नाही, कारण ती इतकं सुंदर सांगत होती. मध्येच वाक्य सोडून द्यायची, मग दुसरीकडून उचलायची. मी डोकं पलंगाच्या कडेला टेकवलं. मला त्या पेंडीचा वास खरंच येत होता.

मग ती म्हणाली, "ते बघ, दारात उभे हायेत. बसायला दे त्यांना."

कोण, मी विचारलं. तुझे बाबा, ती म्हणाली, जणू रोजच्यासारखे बाजारातून आलेत.

आणि मी, विज्ञानाची बाई, उठले आणि कोपऱ्यातली खुर्ची दारापाशी नेऊन ठेवली. मला हसू आलं नाही, भीतीही वाटली नाही. दिवसच तसा होता. लहानपणी पाहिलेल्या त्या बायका मला आठवल्या आणि वाटलं, आता माझी आईही त्यांच्यातली झाली. मी परत खाली बसले आणि त्या खुर्चीकडे बघत राहिले. बाबा पांढऱ्या सदऱ्यात बसले असते तर कसे दिसले असते, ते मला जवळजवळ दिसलं. मला रडू येत होतं आणि ते सुखाचं रडू होतं.

तिने मला हाक मारली, पण माझ्या नावाने नाही, तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने, जी लहानपणीच तापात गेली. मी ओ दिली. घाणा थांबला का, तिने विचारलं. थांबला, मी म्हटलं. बैलाला सोडा, म्हणाली, आणि तिचा हात पलंगावरून घसरून माझ्या खांद्यावर पडला.

हात गार होता, आणि ओला. ब्लाउजमधून तो घाम माझ्या खांद्याला लागला. एवढ्या उकाड्यात घाम येणारच, पण उकाड्याचा घाम गार नसतो. मी मान वर करून तिच्या कपाळाकडे बघितलं, तिथेही घामाचे थेंब होते आणि ओठांचा रंग गेला होता. भरकटलेलं बोलणं, अर्धी वाक्यं, चुकलेलं नाव, गार घाम. ही यादी मी स्वतः फळ्यावर लिहिली होती. तासभर जे चाललं होतं ते गेलेल्या माणसांचं येणं नव्हतं. मेंदूला साखर मिळत नव्हती.

साखर मोजायचं यंत्र तिच्या कपाटात असतं. मी दार उघडलं आणि पांढऱ्या साड्यांच्या घडीमागून मुगाच्या खिचडीचा वास आला. स्टीलचा डबा होता. खाली घावन नीट घडी करून ठेवलेले, वर खिचडी, बाजूला सालीसकट केळं. झाकण अर्धवट लागलेलं. उपास करणार होती, पण अन्न वाया घालवणार नव्हती.

पुढे काही दिवसांनी तिने मला सगळं सांगितलं. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. चार वाजले की तुला चहा लागतो, म्हणाली, मी काय जाणत नाय? माझा उपास मोडला तर घरात एकीचा तरी असावा म्हणून तिनेही गुपचूप धरला. आणि गोळी? गोळी काय अन्न हाय, तिने विचारलं. पाण्याशिवाय, तोंडातल्या लाळेवर, दोन्ही वेळा गिळली. कारण दोन वर्षांपूर्वी तिने गोळ्या चुकवल्या तेव्हा मी संतापून तिला बजावलं होतं की एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, पण गोळी चुकता कामा नये. माझं ते वाक्य तिने पाळलं. ज्या गोळीचं कामच रक्तातली साखर खाली आणणं, ती तिने रिकाम्या पोटी घेतली, माझ्या शब्दाखातर. माझ्या जिभेची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या दुपारी मी डब्यामागचं यंत्र काढून तिचं बोट टोचलं, तर चोपन्न आकडा आला; सत्तरच्या खाली धोका सुरू होतो. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, गिळता येतंय का? येतंय असं म्हटल्यावर म्हणाले, आत्ता लगेच गोड पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि मग जेवायला घाला. गोळीचा असर रात्रीपर्यंत राहणार, त्यामुळे एका ग्लासावर भागणार नाही, खात राहिल्या पाहिजेत. नाही घेतलं तर थेट इस्पितळात आणा.

मी स्वयंपाकघरात धावले. साखरेच्या डब्याआधी भिजलेल्या मनुका दिसल्या. कुस्करल्या, गाळल्या, वर दोन चमचे साखर घातली, ग्लास भरला. माझ्याही पोटात वीसएक तास काही नव्हतं.

ग्लास ओठांना लावला तर तिने ओठ मिटले. मी कोण हे तिला कळत नव्हतं, कुठलं साल आहे कळत नव्हतं, पण आज तोंड उघडायचं नाही एवढं कळत होतं. मी विनवलं, रागावले, तिच्या गालावर थोपटलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती, बाबा गेले तेव्हाही नाही. ती माझ्यासमोर सावकाश विझत होती आणि हातातल्या ग्लासात सगळं होतं.

मग तिने बारीक आवाजात विचारलं, "दिस गेला?"

मी खोलीतल्या अंधाराकडे बघितलं. बाहेर चार वाजत होते.

"गेला, आई," मी म्हटलं. "तारे निघाले."

"किती?"

"तीन."

"तू बघितलेस?"

"बघितले."

वर्षभराच्या खोट्याची माफी मागायच्या दिवशी मी तीन तारे मोजून दाखवले. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत होती.

"मग तू घे आधी," ती म्हणाली.

मी घेतलं. इतक्या तासांनी जिभेवर आलेला तो मनुकांचा रस मी कधी विसरणार नाही. जीभ जणू त्याच्यावर धावून गेली. त्या दिवशी घरात एकाने तरी धरायचा होता, तो माझा उपास त्या घोटात संपला आणि मला त्याचं क्षणभरही वाईट वाटलं नाही. तिने ते बघितलं. मग ओठांतल्या ओठांत पिण्याआधी म्हणायचा आशीर्वाद म्हटला, तो तिला पाठ होता, एकही शब्द चुकला नाही, आणि तोंड उघडलं.

पंधरा मिनिटं थांबायचं होतं. मी तिचा हात धरून बसले आणि त्या रसाबरोबर मनाने खाली उतरत गेले. जठरात, तिथून लहान आतड्यात, त्या मऊ लव असलेल्या भिंतीपाशी. मनुकांची साखर मोडावी लागत नाही, ती तशीच पलीकडे जाते. पलीकडे रक्त, मग यकृताचा रिकामा डबा, आणि यकृताने आज स्वतःसाठी काही ठेवून घेऊ नये अशी मी त्याला विनंती करत होते. मग हृदय, मग मानेतून वर. तेहतीस वर्षं मी हा रस्ता छडीने दाखवला होता, आणि आज पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघत त्याच्या शेवटी उभी होते. खालच्या घरात कुणीतरी फोडणी दिली, मोहरीचा वास आला. पंख्याखाली प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक सुटं पान हळूहळू उलटत होतं, पूर्ण उलटत नव्हतं.

घाम थांबला. ओठांना रंग आला. यंत्राने ब्याऐंशी दाखवलं. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि मला रोज मारते ती हाक मारली.

"बाय, रडतेस का?"

मी डोळे पुसले. डब्यातली खिचडी मी रस पाजल्या पाजल्या ताटलीत काढून, गरम करून आणली होती, ती माझ्या मांडीवर होती. डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घुमत होतं, एका ग्लासावर भागणार नाही. पण आता समोर माझी आई होती, पूर्ण शुद्धीतली, हट्टी, साठाहून जास्त वर्षं हा दिवस एकदाही न मोडलेली. तिला फसवता येणार नव्हतं. आणि पडद्याची एक कड सरकलेली होती. तिथून उन्हाचा एक लांब पट्टा जमिनीवरून थेट पलंगाच्या पायापर्यंत आला होता, चार वाजून गेल्यानंतरचं पिवळं, जाड ऊन.

तिने तो पट्टा बघितला. मग रिकामा ग्लास बघितला, दारापाशी ठेवलेली खुर्ची बघितली, कपाटाचं उघडं दार बघितलं. तिला सगळं समजत गेलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावर दिसायचं तसं. मी माफी मागायला तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही नीट माहीत नाही. खोटं बोलले म्हणणार होते, आणि तरी जेव म्हणणार होते.

"उजेड येतोय," ती म्हणाली. "पडदा नीट ओढ."

मी ताटली पलंगावर ठेवून उठले आणि पडदा ओढला. कड भिंतीपर्यंत नेली, खाली मुडपून उशी लावली. खोलीत जेमतेम आकार दिसत राहिले. मागे वळले तेव्हा ताटली तिने स्वतःच्या मांडीवर घेतली होती आणि ती अंधारात चाचपून पहिला घास कालवत होती.